सापळ्यातला पतंग नेमका कोणता? डीएनए बारकोडिंगविषयी कृषी सल्ला

प्रश्न : अमेरिकन लष्करी अळीसाठी मक्यात लावलेल्या कामगंध सापळ्यांत वेगवेगळ्या रंगरूपाचे पतंग सापडतात. त्यांतले खरे कोणते हे कळण्यासाठी डीएनए बारकोडिंग करून घ्यावे का? नमुना कसा पाठवावा? रात्री दिव्यावर येणारे सगळेच पतंग पिकाचे शत्रू असतात का?

उत्तर : शेतकरी बंधू-भगिनींनो, फवारणी करायची की नाही हे ठरवण्यासाठी बारकोडिंगच्या, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याच्या पद्धतीच्या, अहवालाची वाट पाहू नये, हे प्रथम सांगतो. मक्याच्या पोंग्यात (मधल्या न उलगडलेल्या पानांच्या गुंडाळीत) भुशासारखी ओलसर विष्ठा, पानांवर ओळीने पडलेली छिद्रे, अळीच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडे चौकोनात बसलेले चार काळे ठिपके दिसले, तर ओळख पटण्यास तेवढे पुरेसे आहे. सुरुवातीच्या अवस्थेत पाच टक्के झाडांवर प्रादुर्भाव दिसू लागताच पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. त्यापुढे कीटकनाशकाची गरज भासल्यास त्या हंगामातील कृषी विद्यापीठाची शिफारस पाहूनच ते निवडावे.

अडचण येते ती सापळ्यातील पतंग मोजताना. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखा वास असलेली गोळी ठेवतात, त्यामुळे फक्त नर येतात, आणि फडफड करून त्यांच्या पंखांवरील खवले झडलेले असल्याने पंखाच्या टोकाजवळचा पांढरा डाग, जी नराची मुख्य खूण आहे, ती पुसली जाते. त्यातच एकाच किडीसाठी तयार केलेल्या गंधगोळीकडे तिच्या नात्यातील दुसरे पतंगही ओढले जातात. आफ्रिकेत या अळीच्या सापळ्यांत मिथिम्ना लोरेयी या दुसऱ्याच जातीचे पतंग मोठ्या संख्येने सापडल्याच्या नोंदी आहेत. सापळ्यामागे तीन पतंग ही सावध होण्याची पातळी धरली जाते, त्यामुळे मोजणीत परके पतंग मिसळले तर विनाकारण फवारणी होते, पैसा जातो आणि मित्रकीटकही मरतात. म्हणून असा संशय असेल तेव्हा सापळ्यातील आकड्यापेक्षा पोंग्यातील अळीवर भरवसा ठेवावा.

डोळ्यांनी ओळख पटत नाही अशा ठिकाणी बारकोडिंगचा खरा उपयोग आहे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी चाचणीसाठी पतंग-फुलपाखरांच्याच २०० जाती घेतल्या होत्या. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया या भागामध्ये सीओआय नावाचे एक जनुक असते. त्याचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो बोल्डसारख्या जागतिक संग्रहातील नोंदींशी ताडून पाहतात. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या पुष्कळ प्रती असल्याने पतंगाचा एक पायसुद्धा पुरतो आणि उरलेला पतंग पुराव्यासाठी संग्रहात जपता येतो. अंडीपुंज, नुकतीच बाहेर पडलेली अळी, कोष किंवा पंख तुटलेला पतंग यांची ओळख पटवण्यासाठी ही पद्धत फार मोलाची आहे. २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागातील मक्यावर ही अळी देशात प्रथम आढळली, तेव्हा पतंगाच्या शरीररचनेच्या तपासणीला सीओआय जनुकाच्या पुराव्याची जोड मिळाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. नवी कीड आली आहे की जुनीच वाढली आहे, हे अशा वेळी जितके लवकर कळेल तितके पुढचे नुकसान टळते.

मात्र बारकोड सर्व काही सांगत नाही. सीओआय जनुक केवळ आईकडून येते, त्यामुळे संकर झालेला असल्यास तो त्यातून उघड होत नाही. अमेरिकन लष्करी अळीचे भात-प्रकार आणि मका-प्रकार असे दोन गट मानले जातात. भारतातील बहुतेक नमुने सीओआयनुसार भात-प्रकारात मोडतात, तर टीपीआय हे दुसरे जनुक मका-प्रकाराकडे बोट दाखवते. तेव्हा केवळ बारकोडच्या अहवालावरून भातपिकाला धोका आहे असे मानून घाबरू नये. तसेच गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देत नाही, ती प्रतिकारक्षमता या तुकड्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

नमुना पाठवताना निष्काळजीपणा झाला तर पुढची सारी मेहनत वाया जाते. सापळा रोज सकाळी तपासून ताजे पतंग घ्यावेत, कारण उष्णतेत आणि ओलीत डीएनए लवकर खराब होतो. पतंग बटर पेपरच्या पाकिटात कोरडे ठेवावेत आणि पाठवेपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवावेत. अळ्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवाव्यात, आणि अळीच्या अंगातील पाण्याने ते पातळ होत असल्याने एका दिवसानंतर बदलावे. फॉर्मेलिन कधीही वापरू नये. प्रत्येक नमुन्यासोबत गाव, तालुका, तारीख, पीक, सापळ्याचा प्रकार आणि गंधगोळी कोणत्या किडीची होती, हे पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. शाईची अक्षरे इथेनॉलमध्ये विरघळतात. चिठ्ठीविना आलेल्या पतंगाची जात कळली तरी तो कोणत्या शेतातला, कोणत्या पिकावरचा, हे कायमचे हरवते.

आता शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी पिकाचे नुकसान करणाऱ्या फार थोड्या आहेत. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ज्याचे कोष घेतले जातात, तो टसरचा किडाही पतंगाचीच अळी आहे. अनेक पतंग रात्री फुलांचे परागीभवन करतात, आणि त्यांच्या अळ्यांवर पक्षी व परोपजीवी गांधीलमाश्या जगतात. अळीच्या पोटात वाढणारी अशी माशी कोणत्या जातीची आहे, हेही बारकोडिंगने कळू शकते, आणि माझ्या मते जैविक नियंत्रणासाठी ही माहिती किडीच्या नावाइतकीच मोलाची आहे. आपल्या परिसरातील पतंगांची अशी नोंद झाली, तर उद्या एखादा अनोळखी पतंग आल्यावर तो परका आहे हे लगेच ध्यानात येईल.

म्हणून प्रकाश सापळा सूर्यास्तापासून रात्री दहाच्या सुमारापर्यंतच चालू ठेवावा, रात्रभर नको. नेहमीपेक्षा वेगळा पतंग किंवा पिकावर कधी न पाहिलेली अळी आढळली, तर स्पष्ट छायाचित्र घेऊन आधी आपल्या कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवावी. तेथेही ओळख पटली नाही, तर नमुना कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे किंवा बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे पाठवण्याविषयी त्यांच्याशी बोलावे.