जंतू स्वतःहून पांढऱ्या पेशींना का चिकटतात?

प्रश्न: मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी, असं शिकलोय. मग काही जंतू मुद्दाम त्यांनाच जाऊन चिकटतात हे कसं काय? वाघाच्या तोंडात स्वतःहून जाण्यासारखंच झालं ना हे? आणि मॅनोज साखरेने त्यांची पकड सुटते म्हणतात, ते खरं का?

उत्तर: फार छान प्रश्न विचारलात. गंमत अशी आहे की आत जाण्यात धोका नसतो, कुठल्या दाराने आत गेलात त्यावर सगळं ठरतं.

ई. कोलाय घ्या, युरिन इन्फेक्शन बहुतेकदा याच जंतूमुळे होतं. त्याच्या अंगावर शेकडो केसांसारखे धागे असतात, त्यांना फिंब्रिया किंवा पिली म्हणतात, एकेक धागा साधारण ७ नॅनोमीटर जाड म्हणजे आपल्या केसाच्या जवळपास दहा हजारावा भाग, आणि त्याच्या अगदी टोकाला फिमएच नावाचं प्रोटीन बसलेलं असतं. हे फिमएच मॅनोज साखर पकडतं. त्याची पकड फासाच्या गाठीसारखी आहे, ओढाल तशी आवळते, आणि धागा स्वतः स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असल्यामुळे झटका बसला तर तुटत नाही, उलगडत जातो. मला तर हे दरवेळी वाचताना थक्क व्हायला होतं.

आता मॅक्रोफेजवर सीडी४८ नावाचं प्रोटीन असतं, त्यावर ही साखर असते. अँटिबॉडी लागलेला जंतू गिळला गेला की तो बहुतेक वेळा आत मारला जातो. पण तोच जंतू फिमएचने सीडी४८ धरून आत गेला तर वेगळ्याच कप्प्यात पोचतो आणि तिथे जिवंत राहू शकतो, हे १९९७ मध्ये प्रयोगात दिसलं.

टीबीच्या जंतूचंही असंच, फक्त उलटं. त्याच्या आवरणावर स्वतःचीच मॅनोज असते आणि मॅक्रोफेजचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं पकडणारं प्रोटीन, ती धरतो, मग जंतू ज्या कप्प्यात जातो तो पेशीतल्या पचवणाऱ्या पिशवीला, म्हणजे लायसोसोमला, जोडला जाणंच लांबतं.

साखरेचं म्हणाल तर लॅबमध्ये मॅनोज टाकली की फिमएचची पकड खरंच सुटते. पण वारंवार युरिन इन्फेक्शन होणाऱ्या ५९८ बायकांवर ब्रिटनमध्ये ट्रायल झाली, २०२४ मध्ये निकाल आला, सहा महिने रोज मॅनोज घेऊनही इन्फेक्शन म्हणावं तसं कमी झालं नाही. त्यामुळे लघवीला जळजळ असेल तर पावडरच्या भरवशावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.