कामावर अपघात झाला, मालक दाद देत नाही, फीला पैसे नाहीत. वकील कुठे शोधू?

वकील कुठे, याचं उत्तर छोटं आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा. जमत नसेल तर 15100 वर फोन करा. वकील फुकट मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमात औद्योगिक कामगाराचं नाव वेगळं लिहिलेलं आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. बाईलाही नाही. मी बाई आणि कामगार दोन्ही होते, तरी पाच महिने मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

इथेच थांबले असते, पण तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात, मिळताहेत तेवढे घे आणि विषय मिटव." हे वाक्य मी माझ्या घरात इतकं ऐकलंय की आता सगळंच सांगते.

2021 ची गोष्ट. सात माणसांचं वर्कशॉप, मी पॉवर प्रेसवर (विजेवर चालणारं दाबयंत्र). पगार महिना 11,000, रोख, वहीत सही. प्रेसला सुरक्षेचा सेन्सर होता, पण त्याने माल कमी निघतो म्हणून मालकाने तो काढून ठेवला होता. त्या दिवशी पॅडलवर पाय नसताना प्रेस दुसऱ्यांदा खाली आली. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. त्याबद्दल एवढंच लिहिते.

दवाखान्यात सुपरवायझर सोबत होता. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? हा म्हणाला, घरी दारात बोटं चेमटली. मी शेजारीच होते, शुद्धीवर होते, आणि गप्प बसले. वाटलं, मालक खर्च करतोय, बरं झाल्यावर कामावर घेईल. केसपेपरवर "दारात बोटं" असंच उतरलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशनसाठी दुसरीकडे हलवलं, तिथले डॉक्टर म्हणाले, बाई, दाराने हाड असं तुटत नाही. तेव्हा खरं बोलले. पुढे मालकाच्या वकिलाने हे दोन कागद दोन हातांत धरून मला तासभर उभं केलं. वकील शोधण्याआधी तुमचा पहिला केसपेपर शोधा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. चुकीचं असेल तर आजच लेखी अर्ज देऊन खरी हकिकत सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

आता माझे थोरले दीर. माणूस वाईट नाही, माझ्या ऑपरेशनच्या रात्री तेच बाकावर बसून होते. पण त्यांचा एकच मंत्र, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मालकाशी बोलणी त्यांनीच केली, स्टॅम्पपेपर तेच घेऊन आले. 40,000 रुपये मिळाले, यापुढे काही मागणार नाही, तक्रार नाही. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. बारावी पास बाईने अंगठा उठवला. मालकाने पैसे मोजले ते दिरांच्या हातात. बोटं माझी, मोजदाद त्यांची.

मधल्या काळात ड्रेसिंगच्या रांगेत एक गृहस्थ भेटले. कार्ड दिलं, म्हणाले, आधी एक पैसा नको, निकाल लागला की शंभरातले तीस. तुम्हालाही असे भेटतील. निकालाच्या रकमेतला वाटा ठरवून घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. म्हणजे जो टक्क्यांत बोलतो तो एकतर वकील नाही, किंवा नियम मोडणारा वकील आहे. दोन्हीकडून लांब राहा.

खरी वाट दाखवली ती ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी. त्यांच्या बहिणीला पोटगीच्या केसमध्ये असाच सरकारी वकील मिळाला होता (तो 'सरकारी वकील' नसतो, प्राधिकरणाच्या यादीवरचा वकील असतो, पण सगळे तसंच म्हणतात). मी गेले, फॉर्म भरला, एक तरुण वकीलबाई मिळाल्या. घरी सांगितलं तर दीर म्हणाले, फुकटचा वकील फुकटच काम करणार. त्या वाक्यावर आमचा अबोला झाला आणि तो बरेच महिने टिकला.

वकीलबाईंनी आधी तो स्टॅम्पपेपर मागितला. वाचला आणि हसल्या. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं 17 वं कलम सांगतं की कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार रद्दच असतो. आणि 8 वं कलम त्याहून भारी. बाईला एकरकमी भरपाई द्यायची तर ती आयुक्तांकडे (असे भरपाईचे दावे चालवणारे सरकारी अधिकारी) जमा करावी लागते, मालकाने परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. म्हणजे दिरांनी मोठ्या शहाणपणाने मिटवलेला विषय कायद्याच्या लेखी मिटलाच नव्हता.

मग हिशेब. त्या कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्यात प्रत्येक वयाला दिलेला आकडा). माझं वय 35, गुणक 197.06. पगाराचे 60 टक्के म्हणजे 6,600. गुणाकार 13,00,596. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 20 टक्के अपंगत्व लिहिलंय, म्हणून 2,60,119 रुपये. शिवाय पैसे एका महिन्यात दिले नाहीत म्हणून 12 टक्के व्याज, वर्षाला 31,214. हे आकडे मला पाठ आहेत, कारण ते मी डाव्या हाताने वहीत लिहिले आणि वही दिरांसमोर ठेवली. ते म्हणाले, कागदावर सगळेच लखपती असतात.

वकीलबाईंनी 20 पेक्षा जास्त टक्के मागून पाहिले. सर्वोच्च न्यायालयाचा प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा हा निकाल आहे, त्यात हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराला 100 टक्के अपंगत्व धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. माझ्या बाबतीत ते टिकलं नाही. भरपाई थकवल्याबद्दल मालकाला 50 टक्क्यांपर्यंत दंड लावता यायचा, तोही मागितला होता. नाही मिळाला.

मालकाचं म्हणणं, ही आमच्याकडे कामालाच नव्हती. हजेरीची वही गायब. त्याला पुरून उरला सुपरवायझरचाच मेसेज, अपघाताच्या आदल्या रात्रीचा: "उद्या लवकर या, माल अर्जंट आहे." मग बाजू बदलली, सेन्सर हिनेच काढला. म्हणजे आधी मी तिथे नव्हतेच, आणि नसताना सेन्सर काढून गेले! तुमचा फोन फॉरमॅट करू नका, कुणाच्या हातात देऊ नका.

तेव्हाचा कायदा म्हणायचा, अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा. आमचा निकाल अडीच वर्षांनी लागला. पूर्ण रक्कम, व्याजासकट, आणि ते 40,000 त्यातून वजा झाले नाहीत. म्हणून म्हणते, फुकटच्या वकिलाला नाक मुरडू नका. तारखेला स्वतः जा, प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि वकिलाला पुढची तारीख विचारायला लाजू नका. पैसे देऊन केलेल्या वकिलाच्या मागेही एवढं लागावंच लागतं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर तुम्ही ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजना) येता. मग भरपाई मालकाकडून नाही, ईएसआयकडून मिळते आणि रस्ता सगळाच वेगळा. कार्ड काढलंच नव्हतं असं मालक म्हणाला तरी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा, कामावरच्या दुखापतीला किती दिवस वर्गणी भरली ही अट नसते. तुम्ही ठेकेदाराकडून असाल तर दाव्यात मूळ कंपनीलाही सामील करा. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 चा भरपाई कायदा आणि ईएसआयचा कायदा, हे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत, तेव्हा मी दिलेले कलमांचे आकडे माझ्या केसपुरते समजा, तुमचे वकिलाकडून घ्या. सगळ्यांना माझ्यासारख्या वकीलबाई मिळतील असंही नाही. वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाकडे अर्ज करून बदलून मागता येतो.

दीर आता बोलतात. केसचा विषय मात्र काढत नाहीत, आणि मीही 40,000 त्यांनी कुठे खर्च केले ते विचारत नाही. (विचारणार आहे.)

तुम्ही अपघाताची तारीख लिहिली नाहीत. आमच्या वेळी दावा लावायला दोन वर्षं होती, उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागायचं. तारीख कळवा, आणि कशावर सही केली असेल तर तेही लिहा.