शेजाऱ्यांकडचं ल्यूगर पिस्तूल 2,500 डॉलरला घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत तुमच्या शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धातून आणलेलं ल्यूगर आहे, वरती ‘बीवायएफ’ आणि ‘42’ असं कोरलंय, ते 2,500 डॉलर मागतात; तर घ्यावं का, आणि अशा पिस्तुलांची किंमत ठरते कशी?

आधी व्हिसाचं. तुम्ही एच-वन-बीवर असाल तर इथल्या केंद्रीय कायद्यानुसार पिस्तूल जवळ बाळगायलाच बंदी आहे. शिकारीच्या परवान्याची एक सवलत आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय तिच्या भरवशावर काही घेऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही, मात्र न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा खरेदी परवाना लागतो. आणि पुढेमागे ते भारतात न्यायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. ल्यूगर 9 मिलिमीटरचं, आणि त्या मापाचं हत्यार तिथे सर्वसामान्य माणसाला मिळत नाही.

आता पिस्तुलाकडे वळू. ‘बीवायएफ’ हा ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा युद्धकाळातला सांकेतिक शिक्का, आणि 42 म्हणजे 1942. जर्मन लष्कराने ल्यूगर 1908 मध्ये स्वीकारलं. बनवायला ते फार किचकट आणि महाग, म्हणून 1938 मध्ये स्वीकारलेलं वाल्थर कंपनीचं पी-38 हळूहळू त्याच्या जागी येत गेलं. लष्करासाठीची ल्यूगरं 1942 च्या सुमारास बंद झाली. म्हणजे तुमच्यासमोर आहे ते अखेरच्या खेपेतलं. दुर्मीळ मात्र नाही, या वर्षाची खूप पिस्तुलं अमेरिकी सैनिकांनी घरी आणली.

किंमत ठरते ती अंकांवर. पूर्ण क्रमांक पुढच्या बाजूला, नळीच्या खाली सांगाड्यावर असतो. त्याचे शेवटचे दोन आकडे घोड्यावर (म्हणजे बोटाने दाबायच्या ट्रिगरवर), डाव्या बाजूच्या पट्टीवर, खोलायच्या खटक्यावर, वर मुडपणाऱ्या सांध्याच्या तुकड्यांवर, असे ठिकठिकाणी ठोकलेले असतात. कारण हे भाग हाताने घासून एकमेकांत बसवलेले. एकाचा भाग दुसऱ्यात नीट बसेलच असं नाही. सगळे आकडे जुळले तर ते ‘मॅचिंग’. एक जरी भाग परका निघाला तरी किंमत धाडकन खाली येते.

मी पहिलं ल्यूगर घेतलं तेव्हा आकडे जुळतात एवढंच पाहिलं आणि खुशीत घरी आलो. रात्री भिंग घेऊन बसलो. सांगाड्यावरच्या 7 चा वरचा दांडा सरळ होता, पट्टीवरच्या 7 चा किंचित वाकडा. पट्टीवर मूळचा आकडा घासून नवा ठोकला होता, आणि त्या जागी धातू बोटाला हलकासा खोलगट लागत होता. विकणाऱ्याने वडिलांची, नॉर्मंडीची, सगळी हकीकत डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. त्या रात्रीपासून मी हकीकत शांतपणे ऐकतो आणि पैसे फक्त लोखंडाचे देतो. तुमचे शेजारी खोटं बोलताहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांच्या वडिलांनीही नंतर दुकानातून एखादा भाग बदलून घेतला असू शकतो.

दुसरी गोष्ट मुलाम्याची, म्हणजे धातूवरच्या काळ्या-निळ्या रंगाची. पुन्हा काळं-निळं केलेलं पिस्तूल लांबून झकास दिसतं आणि किंमत जवळजवळ निम्मी होते. कडा पाहा. मूळच्या ल्यूगरच्या कडा धारदार असतात. पॉलिशच्या चाकाखालून गेलेल्या गोलावतात आणि शिक्के उथळ पडतात. आणखी एक खूण : 1937 पर्यंतच्या ल्यूगरचा घोडा आणि बारीकसारीक भाग गवती पिवळसर रंगाचे असत. त्यानंतर माउझरने तेही काळे-निळे करायला सुरुवात केली. तुमच्या 42 च्या पिस्तुलात घोडा पिवळसर दिसला तर कुणीतरी नंतर हात फिरवलाय हे नक्की. रशियनांनी ताब्यात घेतलेली पिस्तुलंही अशीच सरसकट नव्याने रंगवलेली आणि भागांची सरमिसळ झालेली असतात. त्यांच्यावर बऱ्याचदा फुलीची खूण दिसते.

मूठ काळ्या बेकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) असेल तर कुणी तुम्हाला ‘ब्लॅक विडो’ म्हणून जास्त पैसे सांगेल. हे नाव युद्धानंतर अमेरिकी व्यापाऱ्यांनी दिलेलं आहे, जर्मनांना ते ठाऊकही नव्हतं. त्या नावासाठी ज्यादा पैसे मोजू नका.

ज्याला खरंच पैसे मोजावेत तो म्हणजे कागद. सैनिकाला युद्धातली वस्तू घरी न्यायला वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र मिळायचं. त्यावर सैनिकाचं नाव आणि कधीकधी पिस्तुलाचा क्रमांकही असतो. शेजाऱ्यांना माळ्यावरची जुनी पत्रं, लष्करी फाइल, ट्रंक पाहायला सांगा. लोक पिस्तूल जपतात आणि कागद टाकून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चामड्याचं मूळ होल्स्टर असेल तर त्याचेही दोनशे-तीनशे डॉलर धरा.

मी पाहतो त्या व्यवहारांत सगळे आकडे जुळणारं, मूळ मुलाम्याचं 42 साधारण 1,800 ते 2,500 ला जातं. परके भाग किंवा नवा रंग असेल तर 900 ते 1,200. क्रमांकासह कागद असला तर 2,500 च्या वर द्यायलाही मी कचरणार नाही. क्रीगहोफ या दुसऱ्या जर्मन कंपनीने विमानदलासाठी केलेली ल्यूगरं कित्येक पटींनी महाग असतात, पण त्यांच्या नकलाही तितक्याच. नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

पाहायला जाल तेव्हा पहिल्यांदा मॅगझीन काढा आणि सांधा वर ओढून नळी रिकामी आहे ना ते बघा. आत गोळी असली तर वरची छोटी पट्टी उचललेली दिसते आणि तिच्या बाजूला ‘गेलाडेन’, म्हणजे भरलेलं, हा जर्मन शब्द दिसतो. मग घोडा, डाव्या बाजूची पट्टी, सांधा आणि पुढचा क्रमांक यांचे जवळून फोटो काढून इथे टाका. आणि शेजाऱ्यांना आजच सांगा, विकायच्या आधी ते चकचकीत करायला कुणाकडेही देऊ नका.