आधी देणं, मग दान

तुझा मेल तीनदा वाचला. एमडी म्हणतात सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च, बिझनेस स्ट्रॅटेजीला जोड आणि तुमचा सीएस, कंपनी सेक्रेटरी, म्हणतो नेहमीच्या धंद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. दोघंही बरोबर आहेत गं. तू सीएसआरच्या त्या २ टक्क्यांतच स्ट्रॅटेजी शोधत बसलीयस, तिथे ती नाहीये.

कंपनी कायद्यातलं सीएसआरचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ ला लागू झालं तेव्हा मी परचेसमध्ये होतो, वर सीएसआर पण गळ्यात पडलं. मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के, ते ३१ मार्चच्या आत संपवायची पळापळ. एका मार्चात शाळेत आरओ बसवला. स्टँड आमच्याच एका छोट्या फॅब्रिकेटरने केलेला, बिल आठ दिवसांत पास. उद्घाटनाला तो नारळ सोलत उभा होता, हळूच म्हणाला, "साहेब, नोव्हेंबरपासूनचं ब्रॅकेटचं बिल पण सीएसआरमध्ये टाका की, लवकर सुटेल." मी हसलो. तो हसला नाही.

२००६ चा एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांचा, कायदा बघ, छोट्या सप्लायरचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि पीओवर, खरेदीच्या ऑर्डरवर, पेमेंटला ९० दिवस टाकणारा मीच. कॅश फ्लो सांभाळायचा होता, वरून प्रेशर होतं, माझ्या जागी दुसऱ्या कुणी वेगळं केलं असतं असं मला आजही वाटत नाही, असो.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत प्रत्येक सीएसआर मीटिंगला माझा एकच प्रश्न, पेमेंट किती थकलंय? "आले ४५ दिवसवाले" म्हणायचे. म्हणू देत. आधी देणं, मग दान.

नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, तेव्हा कुठलं कलम होतं? आणि गंमत बघ, फक्त आपल्याच कामगारांसाठीचा खर्च म्हणून आज तो सीएसआरमध्ये मोजलाही जाणार नाही. स्ट्रॅटेजी म्हणतात ती ही. आधी देणं. किती वेळा सांगू?

गाव दत्तक घ्यायचं पीपीटी राहू दे. सोमवारी अकाउंट्सकडे क्रेडिटर्सचा एजिंग रिपोर्ट माग, कुणाचे पैसे किती दिवस थकलेत ती यादी. हे तुमच्या डिपार्टमेंटचं नाही म्हणतील, तरी माग. ४५ च्या पुढचे छोटे सप्लायर पिवळे कर आणि मला फोन कर. नऊनंतर कर, आधी मी फिरायला गेलेला असतो. आणि वेळेवर जेवत जा.