तो आवाज लावू नकोस

चि. बाय,

चवथीला घरी आलीस तेव्हा गणपतीवर फळाफुलांनी सजवलेल्या माटोळीखाली बसून सांगितलंस, मुंबईत रिअ‍ॅलिटी शोच्या एडिटला काम मिळालं. सगळे कौतुक करत होते, मीही केलं. बोलायचं ते राहिलं.

त्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. दिवसभराच्या रशमधून, म्हणजे कच्च्या चित्रीकरणातून, तासाभराचा एपिसोड काढायचा. माणूस कसा दिसणार ते तिथेच ठरतं. दोन पुरुष भांडले की ताणलेलं संगीत, दोन बायका भांडल्या की मांजराचं गुरगुरणं. एका शोमध्ये नाजूक चालीचा एक मुलगा होता. तो आत आला की मी ‘टुंग’ असा आवाज लावायचो आणि मागोमाग भलत्याच दिवशी हसलेल्या कुणाचा तरी शॉट जोडायचो. पहिल्यांदा वरून सांगण्यात आलं, पुढे सांगावंही लागलं नाही. शो संपल्यावर त्याचा फोन आला. “सर, मी आलो तेव्हा खरंच सगळे हसले होते?” माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

लहानपणी पेडण्यात दशावतार बघायला जायचो. पुरुषच लुगडं नेसून द्रौपदी व्हायचा आणि माझी आजी पदराने डोळे पुसायची. हसू कुणाला सुचायचंच नाही.

२००७ साली ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीला सोबतच्या काही स्पर्धक बायकांकडून वर्णद्वेषी वागणूक मिळाली. ऑफकॉम या नियामक संस्थेकडे चाळीस हजारांवर तक्रारी गेल्या. लोक घरातल्या त्या बायकांवर तुटून पडले, पण ऑफकॉमने दोषी धरलं ते वाहिनीला. आपल्याकडे २०२१ मध्ये एका डान्स शोच्या निवेदकाने आसामच्या लहान मुलीची ओळख चिनी बोलण्याची नक्कल करून दिली. कार्यक्रम रेकॉर्ड केलेला होता. ते वाक्य एडिटच्या टेबलावरून गेलं, आणि कुणीही कापलं नाही. मला सर्वांत जास्त लागतं ते हेच.

नोकरी नवी आहे, प्रत्येक वेळी नाही म्हणणं तुला जमणार नाही. पण रिअ‍ॅक्शन शॉट जोडण्याआधी टाइमकोड, म्हणजे तो कधी चित्रित झाला ती नोंद, बघत जा. तो त्या क्षणाचा नसेल तर खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. अडलीस तर फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

तुझा,
काका