जुनं विंडोज, चालू मशीन

प्रश्न : लालबागला माझं स्टिकर कटिंगचं दुकान आहे. मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं. कॉम्प्युटर बदलू का?

उत्तर : लगेच नको, पण त्याची इंटरनेटची वायर आजच काढा. विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. मे २०१७ मधला वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तर कुणी काही क्लिक न करताच नेटवर्कभर पसरला होता, म्हणून फाइल शेअरिंगही बंद करा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट लावू नका. माझ्या भावाच्या परळच्या दुकानात व्हायरस तसाच शिरला आणि ऐन गणपतीत दोन दिवस काम ठप्प झालं, फार वाईट वाटलं. पेनड्राइव्ह आधी नव्या कॉम्प्युटरवर तपासा. आणि हार्डडिस्कची पूर्ण प्रत काढून घरी, कपाटात ठेवा.