गो चं ‘गोड’

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आई आपल्या दहावीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. “मॅडम, ह्याला इंग्लिश काय येईना बघा. मराठी शाळेत घातलं तेच चुकलं काय?” सीमाभागात हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. त्यात इंग्रजी थोडं आणि अपराधीपणाच जास्त असतो.

वही मागितली. इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांचे तीन रकाने, पानामागून पानं. घोकून घोकून कोपरे मऊ पडलेले. चाचणीच्या पेपरात मात्र भूतकाळ करताना गो चं ‘गोड’, ब्रिंगचं ‘ब्रिंग्ड’, वर ‘डिड नॉट वेंट’. सगळीकडे तांबडी फुली.

वडिलांचं भाजीचं दुकान, सुट्टीला हाच बसतो. म्हटलं, “गिऱ्हाईक आलं, हे कन्नडमध्ये कसं सांगतोस?”

“बंदा.”

“‘ये’ म्हणजे बरु. मग बरु चं बंदा कसं झालं?”

“तसंच म्हणतात की!”

“कुठल्या वहीत घोकलंस?”

पहिल्यांदाच मान वर आली. मराठीत तरी काय, जा चं गेला, कर चं केलं. त्याची धाकटी बहीण अजून ‘मी करलं’ म्हणते, हे आईनंच हसत सांगितलं. ‘गोड’ त्याच जातीचं. इंग्रजांची पोरंही लहानपणी असंच बोलतात. भूतकाळाला शेवटी ‘ड’ लावायचा हा नियम डोक्यात बसल्याशिवाय ही चूक करताच येत नाही, आणि आपण तिला शून्य देतो! वेंट तर मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं. गो नं ते उसनं घेतलंय.

रकाने मिटवले. कानाला सारखी लागणारी एकत्र बसवली: सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. ब्रिंग दिसायला त्यांच्यातलं, पण राहतं थॉट, बॉट, कॉटच्या घरात. कट, पुट, हिट बदलतच नाहीत. डिड आलं की भूतकाळाचं ओझं तेच उचलतं, पुढचं क्रियापद मूळ रूपात. तिसरं रूप सुटं घोकायचंच नाही. ‘आय हॅव सीन’ असं जोडीनंच म्हणायचं. आणि रोज रात्री दुकानातल्या पाच घडामोडी लिहायच्या.

माध्यमाचं मी आईंना एवढंच म्हटलं, की दोन भाषांत न अडखळणाऱ्या पोराला तिसरीची भीती शाळेनं नाही, त्या फुल्यांनी घातलीय.

महिन्यानं आला. वहीत ‘कॅच्ड’ होतंच, पण स्वतःच खोडून वर ‘कॉट’ केलेलं. खालचं वाक्य त्यानं मोठ्यानं वाचलं, “वुई ब्रॉट टोमॅटोज, बट नोबडी बॉट देम.”

“काय म्हणतोय?” आईंनी विचारलं.

“टोमॅटो आणले, पण कुणी घेतले नाहीत.”

“ते खरंच की,” त्या म्हणाल्या.